उत्तनची होडी आणि पिंपाची फळी

मुंबईला कामासाठी गेलेल्या आपल्या माणसाला एखादा दिवस मोकळा सापडला, तर तो चौपाटी पाहतो, राणीचा बाग पाहतो आणि रात्रीची गाडी धरतो. मी तुम्हाला जरा वेगळी वाट सांगतो. पश्चिम रेल्वेच्या भाईंदर स्टेशनला उतरा, पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडा आणि उत्तनची बस धरा. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे मागे टाकीत बस समुद्राकडे निघते. एके काळी या पट्ट्यात मिठागरांचा मोठा पसारा होता. खाजणातले त्याचे बांध शेतकऱ्याच्या डोळ्याला लगेच ओळखू येतात; भाताच्या खाचरासारखेच ते, फक्त पीक मिठाचे. पुढे डोंगरी येते, ताडा-माडांची झाडे दाट होतात, वाऱ्याला सुक्या मासळीचा वास येऊ लागतो आणि तुम्ही उत्तनला पोचता.

साष्टी बेटाच्या वायव्य कोपऱ्यातले हे गाव. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला. कागदोपत्री गाव मीरा-भाईंदर महानगरपालिकेत, पण किनाऱ्यावर उभे राहिले की शहराचा विसर पडतो. वस्ती मुख्यत्वे ख्रिस्ती कोळ्यांची. घरात, बाजारात, बंदरावर बोली मराठी. हंगामात बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात, आपण दावणीला वैरण टांगावी तसे.

तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाला कोळीवाड्यात काय काम? सांगतो. आपल्या बांधावरच्या सागाची आणि गावच्या सुताराची गोष्ट सांगायला मला उत्तनसारखी दुसरी जागा सापडत नाही. दोन फळ्या कडेला कड लावून अशा बसवायच्या की त्यांतून पाणी जाता कामा नये, हे सुतारकामातले सगळ्यात अवघड काम, आणि ते इथे उघड्यावर चाललेले असते.

पावसाळ्यातली मासेमारी बंदी १ जूनला सुरू होते आणि ३१ जुलैपर्यंत चालते. त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, झापांनी नाहीतर प्लास्टिकच्या कागदाने झाकतात. त्याआधी आणि त्यानंतर डागडुजी चालते. अशा वेळी एखाद्या लाकडी होडीच्या पोटाखाली वाकून बघा. नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत लांबच लांब फळ्या, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या. एकही फळी सरळ नाही, आणि एकीची कड दुसरीला चिकटून बसलेली. होडी उन्हात राहिली की लाकूड आकसते आणि त्या कडांमध्ये बारीक फट दिसू लागते. सुतार त्या फटीत कापसाचा पीळ पटाशीसारख्या बोथट हत्याराने ठोकून ठोकून बसवतो आणि वरून राळ-तेलाचा लेप देतो.

मी एका वयस्क सुतारकाकांना विचारले, की काका, सरस आणि भुसा भरला तर काम लवकर नाही का होणार? ते हसले. म्हणाले, साहेब, होडी पाण्यात गेली की फळी फुगते. सरस जागा देत नाही, कापूस देतो. आणि कापूसही फार गच्च भरायचा नाही, नाहीतर फुगलेली फळी खिळ्यातून सुटायला बघते. वऱ्हाडातल्या काळ्या रानात पिकलेला कापूस अरबी समुद्राचे पाणी अडवतो, ही गोष्ट मला तरी नवीनच होती.

आता होडीवरून पिंपाकडे येतो, कारण दोन्हींची विद्या एकच आहे. होडी पाण्याला बाहेर ठेवते, पिंप आत ठेवते, एवढाच फरक.

‘पिंप’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो पाहुणा आहे हे लक्षातच येत नाही. तो पोर्तुगीजांच्या ‘पिपा’ या शब्दावरून आला. बालदी, घमेले, चावी, पगार हे त्याचेच सोबती. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तोवर सुमारे दोनशे वर्षे हा किनारा त्यांच्या ताब्यात होता. वसईला तेव्हा जहाजे बांधली जात. जहाज म्हटले की महिनोन्‌महिन्यांचा प्रवास, आणि प्रवासाला पाणी, दारू, खारवलेले मांस, बंदुकीची दारू हे सगळे लाकडी पिंपांतून. वस्तू आली आणि तिच्याबरोबर तिचे नावही आले.

पण गंमत अशी, की नाव आपल्याकडे रुजले आणि लाकडी पिंप बनवण्याचा धंदा मात्र गावोगाव कधी रुजला नाही. आपल्या बारा बलुतेदारांत सुतार आहे, पण पिंपकरी नाही. याचे कारण माझ्या मते सरळ आहे. पाणी साठवायला आपल्याकडे कुंभाराचा रांजण होता आणि तांब्याचा हंडा होता. वाहून न्यायला चामड्याची पखाल होती. विहिरीवर मोट होती. तेला-तुपाला बुधले होते. शिवाय देशावरचा उन्हाळा असा, की रिकामे लाकडी पिंप मे महिन्यात आठ दिवस अंगणात राहिले तर त्याच्या फळ्या आकसून कडी खाली घसरावीत. रांजणाला ते भय नाही, आणि पाणीही गार राहते. आपले पूर्वज काही अडाणी नव्हते.

तरी लाकडी पिंप ही चीज समजून घेण्यासारखी आहे. ते कसे बनते ते ऐका.

नागपुरी संत्रे डोळ्यांसमोर आणा. साल काढल्यावर फोडी दिसतात. प्रत्येक फोड मध्ये रुंद, दोन्ही टोकांना निमुळती. आणि तिच्या दोन्ही बाजू मधल्या आसाकडे तिरप्या उतरत गेलेल्या. पिंपाची प्रत्येक फळी म्हणजे अशा फोडीची बाहेरची कड समजा. पाठ बाहेरून गोलसर, पोट आतून किंचित पोखरलेले, दोन्ही कडा तिरप्या आणि वर-खाली अरुंद होत गेलेल्या. अशा साधारण तीस फळ्या गोल उभ्या केल्या की पिंप होते. मध्ये खिळा नाही, सरस नाही, काही नाही. बाहेरून लोखंडी कडी ठोकून बसवली की फळ्या एकमेकींना दाबून धरतात.

हिशेब करून पाहू. पिंप पोटाशी ७० सेंटीमीटर रुंद आणि तोंडाशी ५६ सेंटीमीटर आहे असे धरा. पोटाचा घेर झाला सुमारे २२० सेंटीमीटर, तोंडाचा सुमारे १७६. तीस फळ्यांत वाटला तर प्रत्येक फळी मध्ये ७.३ सेंटीमीटर हवी आणि टोकाला ५.९. म्हणजे मधून टोकाकडे जाताना प्रत्येक कड साधारण सात मिलीमीटर आत आली पाहिजे, तीही सरळ रेषेत नाही, बाकदार. आणि तिरपेपणा? पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, फळ्या तीस, म्हणून एका फळीच्या वाट्याला १२ अंश आणि एका कडेला ६. आता समजा सुताराचा हात प्रत्येक कडेला फक्त अर्धा अंश चुकला. कडा साठ. साठ अर्धे मिळून तीस अंशांचा फरक झाला. मग कडी कितीही ठोका, फळ्या फक्त एका बाजूच्या धारेवर टेकणार आणि दुसऱ्या बाजूने फटी राहणार. घरात पोरे गणित करीत असतील तर त्यांना हे उदाहरण घालून बघा.

युरोपातले जुने कारागीर हे नुसत्या नजरेने करीत. त्यांचा रंधा मोठा मजेदार. आपला सुतार लाकूड स्थिर ठेवतो आणि रंधा चालवतो. त्यांचा लांबलचक रंधा पाते वर करून तिरका उभा ठेवलेला असे, आणि कारागीर फळी हातात धरून तिची कड त्यावरून सरकवी. घरात विळीवर भाजी चिरताना विळी जागेवर आणि भाजी हातात, तसे. मापाला पट्टी नाही, कोनाला गुण्या नाही. पंधरा-वीस वर्षे हात बसला की नजरच माप होते.

मग एकोणिसाव्या शतकात यंत्रे आली. अमेरिकेत तेव्हा पीठ, सफरचंदे, खिळे, सिमेंट, खारवलेले मांस, तेल, सगळे पिंपातून जाई. धान्याच्या आणि पिठाच्या व्यापाराचे मोठे बंदर असलेल्या बफेलो शहरात ई. अँड बी. होम्स ही कंपनी पिंपे बनवण्याची यंत्रेच तयार करी. त्यांतले फळीची कड साधणारे यंत्र मला सगळ्यांत हुशार वाटते. एक मोठी लोखंडी तबकडी, तिच्या अंगावर रंध्याची पाती बसवलेली, पट्ट्याने गरगर फिरणारी. फळी पकडीत धरून किंचित वाकवायची, पिंपात गेल्यावर ती जितकी वाकणार तितकीच, आणि मग तिची कड तबकडीला लावायची.

यात युक्ती काय ती बघा. पुन्हा संत्र्याकडे या, नाहीतर कलिंगडाकडे. कलिंगडाच्या लांब फोडी करताना सुरीचा प्रत्येक काप मधल्या आसातून जातो, आणि काप सपाटच असतो. फोड मध्ये जाड आणि टोकाला बारीक होते ती कलिंगडाच्या आकाराने, सुरीच्या करामतीने नव्हे. इथेही तसेच. फळी आधीच वाकवलेली असल्यामुळे सपाट तबकडीने घेतलेला एकच काप तिला तिरपी कडही देतो आणि टोकाचा निमुळतेपणाही देतो. कारागिराला वीस वर्षांत साधणारी नजर पकडीच्या बाकात बसवून टाकली. शिवाय फळ्या सारख्या रुंदीच्या लागत नाहीत. एक रुंद, एक अरुंद असली तरी दोन्हींची कड त्या आसाच्या रेषेतच कापली जाते, म्हणून दोन्ही एकाच पिंपात नीट बसतात. लाकूड वाया जात नाही ते त्यामुळे.

कड झाली की फळ्या एका कड्यात गोल उभ्या करतात. खालून त्या फाकलेल्या असतात, परकराच्या घेरासारख्या. वाफेने नाहीतर आत शेगडी पेटवून लाकूड मऊ करतात, खालच्या घेराला दोर टाकून आवळत आणतात आणि दुसरे कडे चढवतात. मग दोन्ही तोंडांशी आतून खाच पाडून झाकणे बसवतात. झाकणाच्या जोडांत कोणता मसाला भरतात, माहीत आहे? पाणकणसाचे वाळलेले पान! आपल्या तळ्याकाठी, कॅनॉलच्या पाझरात उगवते आणि आपण उपटून टाकतो तेच. ते ओले झाले की फुगते आणि फट बुजते. उत्तनच्या सुताराचा कापूस आणि तिकडच्या कारागिराचे पाणकणीस, विचार एकच.

यातला कड्याचा भाग तुम्ही लहानपणी पाहिलेला आहे. बैलगाडीचे चाक आठवा. तुंब्यात आरे, आऱ्यांवर गोलाईचे लाकडी तुकडे, आणि त्या सगळ्यांना आवळणारी लोखंडी धाव. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवी, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर चढवी आणि वरून भराभर पाणी ओते. लोखंड आकसले की लाकडाचे जोड करकरत बसत. उन्हाळ्यात चाक खुळखुळायला लागले की आपण गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करीत होतो, ते याच कारणाने. पिंपवालाही रिकामे पिंप वापरण्याआधी एक-दोन दिवस पाणी भरून ठेवतो. होडीही पाण्यात लोटल्यावर पहिल्यांदा थोडी झिरपते आणि मग फळ्या फुगून गप्प होते.

लाकडी पिंपाचे राज्य पुढे लोखंडी पिंपाने घेतले. कडेला दोन उंच वळ्या असलेले पोलादी पिंप १९०५ साली अमेरिकेत पेटंट झाले, आणि आज तुमच्या गोठ्यामागे जीवामृत ढवळायला जे २०० लिटरचे पिंप आहे, ते त्याच मापाचे वंशज. बातम्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपावर सांगतात. ते माप मात्र त्याहून जुने, पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींवरच्या लाकडी पिंपांच्या काळातले, ४२ गॅलनचे, म्हणजे १५९ लिटरचे. आता तेल जहाजांतून आणि नळांतून जाते. लाकूड गेले, माप राहिले. जाता जाता एक सांगून ठेवतो. बाजारात मिळणारी जुनी निळी प्लास्टिकची पिंपे बहुधा कारखान्यातून आलेली असतात. आत आधी काय होते ते नक्की ठाऊक नसेल, तर त्यात पिण्याचे पाणी किंवा धान्य भरू नका. कितीही धुतले तरी नाही. आणि जुन्या लोखंडी पिंपाला गॅसने कापायला किंवा वेल्डिंगला बसू नका. आत राहिलेल्या वाफा पेट घेतात आणि पिंप बॉम्बसारखे फुटते.

खरे लाकडी पिंप आज महाराष्ट्रात पाहायचे तर नाशिककडच्या वाइनरीत पाहा. तिथल्या तळघरांत ओक लाकडाची, बहुधा २२५ लिटरची पिंपे आडवी मांडलेली असतात, आणि ती परदेशातून येतात. द्राक्षे आपली, पिंप त्यांचे.

ओकच का, सागाचे का नाही, असे तुम्ही विचाराल. वाइनला ओकाचा स्वाद लागतो हे एक. पण माझ्या कामाची गोष्ट वेगळी आहे, आणि तीसाठीच हा सगळा पसारा मांडला. पिंपाची फळी ओंडक्यातून वाटेल तशी कापत नाहीत. झाडाच्या गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या बारीक रेषा असतात, त्या रेषांच्या दिशेने ओंडका आधी चार भागांत आणि मग फळ्यांत काढतात. अशी फळी पाणी पाझरू देत नाही आणि वाळताना वाकडी होत नाही. लाकूड वाळताना लांबीला जवळजवळ आकसत नाही; गाभ्याकडून सालीकडे थोडे आकसते; वर्षवलयांच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट आकसते. साध्या पद्धतीने, ओंडक्याला सपाट चिरत काढलेली फळी म्हणूनच द्रोणासारखी वळते. तुमच्या घराच्या दाराची फळी पावसात फुगून अडकते आणि उन्हाळ्यात तिच्यातून उजेड दिसतो, त्याचा दोष सुताराला देऊ नका. दोष कापण्याचा आणि वाळवण्याचा.

पिंपाच्या फळ्या काढल्यावर दोन-तीन वर्षे उघड्यावर थप्पी लावून वाळू देतात. तबकडीचे यंत्र सहा अंश बरोबर कापील, पण ओल्या लाकडावर कापलेले सहा अंश वाळल्यावर सहा राहत नाहीत. यंत्राला घाई चालते, लाकडाला नाही. तालुक्याच्या गावी आता करवतीची आणि रंध्याची यंत्रे असलेली दुकाने झाली आहेत. सकाळी झाड पाडले की संध्याकाळी गुळगुळीत फळी मिळते. दिसायला सुंदर. तीच फळी पुढच्या शिमग्यापर्यंत कशी पिळवटते ते मी अनेक घरांत पाहिले आहे.

म्हणून बांधावरचा साग विकण्याआधी किंवा घरासाठी पाडण्याआधी थोडा थांबून विचार करा. आधी वनखात्याची तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास. उभे झाड डोळे झाकून व्यापाऱ्याला देऊ नका. बुंध्याचा घेर आणि सरळ खोडाची लांबी स्वतः मोजून ठेवा, मग भावाला बसा. घरासाठी चिरणार असाल, तर चिरणाऱ्याला सांगा की चौकटी आणि दारांच्या फळ्या गाभ्यातून सालीकडे काढ. लाकूड थोडे जास्त जाईल, जाऊ द्या. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना पाडल्याबरोबर डांबर किंवा जाड रंग फासा, म्हणजे टोके तडकत नाहीत. फळ्या सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून रचा. वारा खेळला पाहिजे, ऊन लागता कामा नये. एक इंच जाडीला एक वर्ष, हा जुना हिशेब अजून उपयोगी पडतो. वाळले की नाही हे नखाने कळत नाही. थप्पीतला एक तुकडा खूण करून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. वजन घटायचे थांबले की लाकूड तयार.

आणि घरचा मुलगा सुतारकामाचे यंत्र घेणार असेल तर त्याला माझा निरोप सांगा. पात्यावरचे झाकण काढून काम करायचे नाही, आखूड तुकडा हाताने न ढकलता लाकडी दांड्याने ढकलायचा, आणि ढगळ बाही, गळ्यातला रुमाल बाजूला ठेवायचा. मळणीयंत्राने जे हात नेले, तेच हे यंत्रही नेते.

उत्तनला आता फायबरच्या होड्याही दिसतात. त्यांना जोड नाही, कापूस नाही, उन्हात आकसणे नाही. लाकडाचा भाव पाहता कोळ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही; फायदा-तोटा त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळतो. पण लाकडी होडीची एक फळी कुजली तर तेवढीच काढून नवी बसते, आणि बसवणारा माणूस गावात असतो. तो माणूस काम नाही म्हणून उठून गेला, तर उरलेल्या लाकडी होड्यांचे पुढे कोण बघणार, हा प्रश्न मी तिथे विचारला. काकांनी उत्तर दिले नाही, पीळ ठोकत राहिले.

जाणार असाल तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जा. होड्या पाण्यात लोटण्याची तयारी तेव्हा चाललेली असते, पुढे नारळी पौर्णिमेची गडबड. फळ्यांवर पाय देऊ नका, फोटो विचारून काढा, आणि परतीची बस अंधाराच्या आधीची धरा. सुके बोंबील घ्यायचे असतील तर मात्र पावसाळा सोडून जा. बोंबील वाळायला कोरडी हवा लागते.